माहेरी गेली आहे

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही कन्नड लघुकादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती २०१८ च्या पावसाळ्यात, पुण्याहून सांगलीला जाताना, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी ती मला फारशी भिडली नव्हती. सव्वाशेच्या आसपास पानांचे पुस्तक. कराड यायच्या आत बरेचसे वाचून झाले होते. एका नवश्रीमंत घराची गोष्ट नेटकेपणाने सांगितली आहे, एवढा शेरा मनातल्या मनात मारून मी ते पिशवीत टाकले आणि खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. या वर्षी घराला रंग काढायचा म्हणून पुस्तकांचे कपाट रिकामे केले, तेव्हा ते पुन्हा हाती लागले. जमिनीवर बसल्या बसल्या पहिली दोन पाने वाचली आणि उठून पेन्सिल आणली. पुढचे तीन आठवडे मी ही एवढीशी कादंबरी वाचत होते. पहिल्या वाचनात माझ्या हातून नेमके काय निसटले होते, ते लिहून काढावे असे तेव्हापासून मनात आहे. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण शेवटाला हात लावल्याशिवाय या पुस्तकाविषयी काही बोलता येत नाही.

मूळ कादंबरी २०१३ साली कन्नडमध्ये आली. श्रीनाथ पेरूर यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आधी भारतात आणि २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तिचा बराच बोलबाला झाला. मीही तो इंग्रजी अनुवादच वाचला. मिरज ओलांडून थोडे पुढे गेले की कर्नाटक सुरू होते, लहानपणी सांगलीच्या बाजारात रोज कानडी कानावर पडत असे, आणि तरी शेजारच्या घरातले पुस्तक वाचायला मला इंग्रजीच्या दारातून जावे लागते, याची थोडी लाज वाटते. पेरूर यांनी अप्पा, अम्मा, चिक्कप्पा ही नाती तशीच ठेवली आहेत, हे मात्र फार बरे झाले. चिक्कप्पा म्हणजे धाकटा काका. मराठी वाचकाला त्यात परके असे काहीच वाटत नाही; उलट इंग्रजी वाक्यांच्या खाली दबलेले आपलेच घर त्या नात्यांमुळे पुन्हा वर येते.

घर बंगळूरचे आहे. अप्पा, अम्मा, घटस्फोटाच्या वाटेवर माहेरी परतलेली मुलगी मालती, आपला निवेदक, त्याची हैदराबादहून लग्न करून आलेली बायको अनिता, आणि या सर्वांचा पोशिंदा असलेला अविवाहित चिक्कप्पा. निवेदकाला कादंबरीभर नाव नाही. अप्पा पूर्वी एका चहाच्या कंपनीत विक्रेते होते; दिवसभर दुकाने हिंडायची, रात्री घरी येऊन पावत्या आणि पैसे पसरून हिशेब जुळवायचा, आणि तो जुळला नाही तर सगळ्या घराने मिळून चूक शोधायची, असे ते दिवस. पुढे नोकरी गेली आणि हातात आलेली रक्कम अप्पांनी धाकट्या भावाच्या धंद्यात घातली. धंदा मसाल्याचा, नाव ‘सोना मसाला’: केरळातून घाऊक माल आणायचा, लहान पुड्यांत भरायचा आणि किराणा दुकानांना पुरवायचा. मी हळदीच्या गावात वाढले, घरात अडतीचा धंदा होता, त्यामुळे हा व्यवहार वाचताना पोत्यांचा वास नाकाशी आला. या धंद्यात यंत्र लागत नाही आणि फारसे शिक्षणही लागत नाही. ओळखी लागतात, उधारी वसूल करण्याची हिंमत लागते, आणि ती हिंमत कोणत्या थराला जाते हे घरच्यांनी विचारायचे नसते. शानभागांनी बंगळूरच्या श्रीमंतीची गोष्ट सांगायला संगणक न घेता धने-मिरी घेतली, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. शहर बदलले ते काचेच्या इमारतींमुळे, असे आपण धरून चालतो. त्याच शहरात पुड्या बांधूनही माणसे तितक्याच वेगाने वर गेली.

पैसा येण्यापूर्वीचे घर या कादंबरीतला सर्वांत जिवंत भाग आहे. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग एक खोल्या, कोणाचेही कोणापासून काही लपत नाही अशी रचना, आणि सगळीकडे मुंग्या. मुंग्यांविरुद्ध अम्माने पुकारलेले युद्ध शानभागांनी इतके मन लावून लिहिले आहे की आधी हसू येते. अन्न कसे झाकायचे, वाट कशी अडवायची, फवारा कुठे मारायचा, हे सारे आपल्याही घरांतले. मग हळूहळू लक्षात येते की हे कुटुंब मुंग्या मारताना रंगात येऊ लागले आहे. आधी उपद्रव म्हणून मारत होते, पुढे दिसली म्हणून मारू लागले. वाचताना त्या बदलाची रेषा बोटाने दाखवता येत नाही. मी दोनदा मागे जाऊन शोधली, सापडली नाही.

त्याच घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची तर सगळ्यांची संमती लागत असे. गॅसची शेगडी घरात आली तो प्रसंग एखाद्या कार्यासारखा साजरा होतो. नव्या मोठ्या घरात गेल्यावर मात्र एकमेकांना न विचारता, न सांगता वस्तू येऊ लागतात, आणि निवेदक हे अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता नोंदवतो. आमच्याकडे पहिला फ्रीज आला तेव्हा वाड्यातली सगळी बिऱ्हाडे तो बघायला आली होती आणि आजोबांनी त्याला हळदकुंकू लावले होते. त्यानंतर घरात आलेली एकही वस्तू मला तारखेसकट आठवत नाही. श्रीमंत घरातले गुपित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुना वाडा, कुलूपबंद खोली, पणजोबांची पेटी आणि पिवळा पडलेला कागद येतो, कारण मराठीतल्या जाडजूड कौटुंबिक कादंबऱ्यांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. या घराला पणजोबाच नाहीत. त्याचे गुपित रोज सकाळी चहाच्या वेळी नव्याने तयार होते, सर्वांच्या देखत, आणि ते राखण्यासाठी कुलूप लागत नाही. फक्त एकाने विषय बदलायचा आणि बाकीच्यांनी तो बदलू द्यायचा.

माझी पेन्सिल याच कामासाठी होती. निवेदक जिथे जिथे एखादी गोष्ट सांगता सांगता बाजूला वळतो, तिथे मी समासात उभी रेघ ओढत गेले. पहिल्या वाचनात या वळणांना मी शैली समजले होते; गप्पिष्ट, विनोदी माणूस आहे, आठवेल तसे सांगतो आहे, असे वाटले होते. रेघा वाढू लागल्या तेव्हा दिसले की तो वळतो त्या जागा ठरलेल्या आहेत. चिक्कप्पाच्या धंद्याची रीत निघाली की तो वळतो. स्वतःच्या कामाचा विषय निघाला की वळतो. अनिता काही बोलली, आणि ते बोलणे खरे असले, की फारच लवकर वळतो. तो खोटे बोलत नाही, ही यातली गंमत. सगळे काही त्याने आपल्याला सांगितलेले असते, फक्त वाक्याच्या अशा कोपऱ्यात की आपणही त्याच्याबरोबर पुढे सरकतो. म्हणजे वाचक म्हणून मी २०१८ साली नेमके तेच केले होते जे त्या घरातली माणसे करतात.

त्याच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. कागदोपत्री हा गृहस्थ सोना मसाल्याचा डायरेक्टर आहे. महिन्याच्या महिन्याला त्याच्या खात्यात पगार जमा होतो आणि तो काहीही करत नाही. लग्नाच्या बाजारात ‘डायरेक्टर’ हा शब्द किती वजनदार आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अनिता प्राध्यापकाची मुलगी, कमावलेल्या पैशाची किंमत असलेल्या घरातली. नवऱ्याचे डायरेक्टरपण म्हणजे काकाने दिलेला खाऊ आहे, हे कळल्यावर ती ते तोंडावर बोलून दाखवते. कादंबरीत तिच्याइतके सरळ कोणीच बोलत नाही. पहिल्या वाचनात मला ती थोडी भांडखोर वाटली होती, हेही नोंदवून ठेवते, कारण निवेदकाला ती तशी वाटावी हेच हवे आहे आणि मी त्याच्या त्या इच्छेला अलगद बळी पडले.

पैशाने या घरातली उतरंड कशी बदलली, हे एका बारकाव्यात दिसते. चिक्कप्पाला कधीही चहा हवा असला तरी तो होतो, त्याच्या आवडीनिवडी म्हणजे घराचे वेळापत्रक. पण भांडवल अप्पांचे, म्हणून मिळकतीत अप्पांचाही मोठा वाटा आहे, आणि अप्पा जुन्या वळणाचे, तत्त्वाचे, घरच्यांच्या मते जरा विक्षिप्त. त्यांनी उद्या आपला वाटा एखाद्या धर्मादाय संस्थेला लिहून दिला तर काय, ही धास्ती सगळ्यांच्या मनात आहे. स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने हव्या त्याला देता येते, मुलांचा तिच्यावर जन्मसिद्ध हक्क नसतो, हा कायद्याचा साधा नियम. त्याच्या पोटी त्या घरात म्हाताऱ्याची किती मनधरणी चालते ते पाहावे. वडिलांशी गोड बोलण्यामागे काय आहे ते सर्वांना ठाऊक, बहुधा वडिलांनाही ठाऊक. मला हा भाग कादंबरीतला सर्वांत विनोदी वाटतो आणि त्यावर हसताना घशात काहीतरी अडकते.

मग मसुराच्या आमटीचा प्रसंग येतो. एक बाई दाराशी येते आणि चिक्कप्पाची चौकशी करते. तिच्या हातात डबा आहे, त्याला आवडते म्हणून करून आणलेली मसुराची आमटी आहे. ती कोण, हे कोणी विचारत नाही, कारण विचारले तर उत्तर ऐकावे लागेल. अम्मा आणि मालती तिच्यावर तुटून पडतात. ज्या घरात एरवी एकमेकींना टोचून बोलण्यात दिवस जातो, तिथे त्या दोघी एका क्षणात एका बाजूला उभ्या राहतात, आणि चिक्कप्पा आतून बाहेर येत नाही. आमटी सांडते. तिचा वास चांगला आहे, हे लेखक सांगायला विसरत नाही, आणि मसाल्यावर पोसलेल्या घराच्या दारात दुसऱ्या बाईच्या हातच्या आमटीचा वास दरवळत राहावा, यापेक्षा वेगळे भाष्य त्याला करावे लागत नाही. हे चुकले, असे म्हणणारी एकटी अनिता. त्या दिवसापासून तिचे त्या घरातले स्थान बदलते. परक्या बाईला हाकलणे ही घराची एकजूट होती आणि अनिता त्या एकजुटीबाहेर राहिली.

मालती सासरहून आपले दागिने आणायला गेली तेव्हा चिक्कप्पाने पाठवलेली दांडगी माणसे तिच्या सोबत होती, ही हकिकतही निवेदक घरातला एखादा गमतीदार किस्सा सांगावा तशीच सांगतो. तिथे माझी रेघ दोन वेळा ओढलेली आहे.

हे सगळे तो सांगतो ते एका कॉफी हाउसमध्ये बसून. व्हिन्सेंट नावाचा वेटर तिथे आहे. फेटा, पांढरा पोशाख, मोजके बोलणे. निवेदकाला तो जवळपास अंतर्ज्ञानी वाटतो, त्याच्या दोन शब्दांत याला आयुष्याचे उत्तर सापडते. घरात ज्याच्याशी खरे बोलावे असे कोणी उरलेले नाही, म्हणून बिल आणून देणाऱ्या माणसाला गुरू करायचे! बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरचे जुने इंडिया कॉफी हाउस २००९ साली तिथून उठून चर्च स्ट्रीटवर गेले. कादंबरीतले कॉफी हाउस तेच आहे असे लेखक कुठे म्हणत नाही, पण त्या धर्तीच्या जागांमध्ये बसणारी, एक कप कॉफीवर दुपार काढणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा गृहस्थ लगेच ओळखता येईल. चित्रा नावाची त्याची एक जुनी मैत्रीणही इथेच भेटत असे. ती बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत होती आणि घराबाहेर काढलेल्या, छळलेल्या बायकांच्या कहाण्या ती त्याला सांगे. त्याने त्या ऐकल्या, आणि एके दिवशी तिला भेटणे बंद केले. कादंबरीच्या सुरुवातीलाच हे सांगून झालेले असते. पहिल्या वेळी मी ते प्रकरण ‘फसलेले प्रेम’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

शीर्षकातल्या शब्दांना कन्नडमध्ये काही अर्थ नाही. अनिताच्या माहेरी, लहानपणी पतंगाच्या दोऱ्याचा गुंता झाला तेव्हा घरात जन्मलेला तो शब्द आहे, आणि जगात त्या घराबाहेर तो कोणाला ठाऊक नाही. लग्नाच्या रात्री परकराच्या नाडीची गाठ सुटेना, तेव्हा तो तिच्या तोंडून निघतो, आणि नवऱ्याला तो कळतो तेव्हा आपण तिच्या आतल्या वर्तुळात आलो असे त्याला वाटते. पुस्तकातला हा सर्वांत कोवळा क्षण आहे. आपल्याकडे गाठींसाठी दोन शब्द आहेत, सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ, आणि ओढाल तितकी आवळत जाते ती निरगाठ. पण निरगाठ हा सर्वांचा शब्द आहे. ‘घाचर घोचर’ची गोडी ही की तो शब्द म्हणजे अनिताने माहेराहून आणलेली एकमेव अशी वस्तू, जी अम्माला कपाटात ठेवता येत नाही. ती वस्तू तिने विश्वासाने नवऱ्याच्या हाती दिली. त्याने तिचे काय केले, हे पुस्तकाच्या नावातच आहे: आता तो शब्द तो आपल्याला, परक्यांना, सांगत बसला आहे.

आणि अनिता कुठे आहे? ती माहेरी गेली आहे, हैदराबादला. यायला हवी होती, आलेली नाही. ती नसताना घर कसे निवांत आहे, सगळे पूर्वीसारखे कसे हसतखेळत आहेत, हे निवेदक सांगतो. सगळे एकत्र बसलेले असताना खुनांवर गप्पा निघतात. माणूस नाहीसा करणे किती सोपे असते, अपघात कसा दाखवता येतो, असल्या गप्पा, वर्तमानपत्रातली बातमी चघळावी तशा. तो तिथून उठून कॉफी हाउसमध्ये येतो. हातातला पेला फुटतो. हाताला रक्त लागले आहे, धुऊन घ्या, एवढेच व्हिन्सेंट त्याला सांगतो. कादंबरी याहून अधिक काही सांगत नाही. अनिताचे काय झाले याचा निकाल न देता लेखक बाजूला होतो, आणि काही वाचकांना ही पळवाट वाटते हे मला ठाऊक आहे. मला तशी वाटत नाही. तिचे काही झाले असो वा नसो, ते झालेले असू शकते हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळून चुकले आहे आणि फोन करून विचारायला कोणी उठलेले नाही. यापुढे लेखकाने आणखी काय सिद्ध करायचे असते?

शेवटची पाने दुसऱ्यांदा वाचताना मी अडकले ते रक्तापाशी नव्हे, त्या साध्या वाक्यापाशी. माहेरी गेली आहे. आमच्या घरात हे वाक्य मी वयाच्या सहाव्या वर्षापासून ऐकत आले. माझी धाकटी काकू माहेरी गेली होती. आधी ती गणपतीला येणार होती, मग दिवाळीला, मग तिचे येणे कोणी काढेनासे झाले. तिच्या खोलीत पोती ठेवली जाऊ लागली. पाहुण्यांनी विचारले की आजी म्हणे, “माहेरी गेलीय,” आणि लगेच चहा टाकायला उठे. पाहुणेही शहाणे, पुन्हा विचारत नसत. धंदा तेव्हा चांगला चालला होता, घरात कशाला तोटा नव्हता, मला नवी सायकल मिळाली होती. काकू मिरजेत, आमच्या दारापासून दहा-अकरा किलोमीटरवर, एका शाळेत शिकवत होती आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, हे मला कळले तेव्हा मी कॉलेजात होते. तेही घरच्या कोणाकडून नव्हे, तिच्या एका विद्यार्थिनीकडून. सांगली-मिरज रस्त्यावरून आम्ही त्या वर्षांत किती वेळा गेलो असू.

पुस्तक मिटल्यावर त्या रविवारी मी आईला फोन केला. पंचाहत्तरी उलटली आहे, पण स्मरण पक्के आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, “आई, काकू त्या दिवशी घरातून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर स्टँडवर कोण गेलं होतं?”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, यंदा हळदीला दर बरा आहे म्हणतात.”

मी म्हटले, “हो का? किती?” आणि पुढची दहा मिनिटे आम्ही हळदीविषयी बोललो.